जुन्या जीपचं इंजिन अस्सल आहे का, हे कसं तपासायचं

१९४१ ते १९४५ या काळात विलीजने ‘एमबी’ आणि फोर्डने ‘जीपीडब्ल्यू’ या नावाने एकाच आराखड्याच्या सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्यामुळे ‘डिस्पोजलची जीप’, म्हणजे फौजेने विकायला काढलेली, म्हणून दाखवलेल्या गाडीच्या बॉनेटखाली चारपैकी काहीही निघू शकतं: युद्धकाळातलं पेट्रोल इंजिन, त्याच घडणीचं पण युद्धानंतरचं इंजिन, वरच्या व्हॉल्व्हचं ‘एफ-हेड’, नाहीतर मागाहून बसवलेलं डिझेल. व्यवहार ठरण्याआधी अर्धा तास द्या आणि पुढच्या क्रमाने बघा.

सगळ्यात आधी मालकाला किंवा मिस्त्रीला एक गोष्ट बजावून सांगा: इंजिन धुवायचं नाही, रेती मारायची नाही, ग्राइंडर तर लावायचाच नाही. जुन्या रंगाचे थर, ओतकामाचे आकडे आणि बोल्टच्या डोक्यावरच्या खुणा हाच आपला पुरावा असतो. वायर ब्रश फिरवलेल्या कवचापेक्षा तेलकट मळ कितीतरी बरा, कारण मळाखाली आकडे शाबूत राहतात. घासलेट, जुना टूथब्रश, सुती फडकं, टॉर्च, खडू, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल एवढं सामान पुरतं.

आता हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, बघा. युद्धकाळातलं मूळ पेट्रोल इंजिन, ‘गो डेव्हिल’, साइड व्हॉल्व्हचं आहे, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, म्हणून हेड सपाट असतं. वर नट आणि चार प्लग दिसतात. हेडवर पत्र्याचं लांबट कव्हर असेल तर ते एफ-हेड, म्हणजे १९५०च्या दशकातल्या सीजे-३बी या मुलकी जीपच्या पिढीचं. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो. गावरस्त्यावर ते जास्त जोर देतं आणि चालवायला छान आहे, पण एमबी म्हणून कुणी विकत असेल तर किंमत त्या हिशेबानेच बोला.

इंजिन नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, पुढच्या वरच्या कोपऱ्यात, सपाट केलेल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. उजवं-डावं ड्रायव्हरच्या सीटवरून धरायचं. घासलेटने पुसा, खडू चोळा, आडवा उजेड टाका आणि कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, आरटीओसाठी चेसिसचा घेतात तसाच. सुरुवात ‘एमबी’ असेल तर विलीज, ‘जीपीडब्ल्यू’ असेल तर फोर्ड. नुसतं ‘जे’ असेल तर युद्धानंतरचं मुलकी इंजिन, ‘४जे’ असेल तर एफ-हेड.

इथे एक गैरसमज फार महागात पडतो. फोर्डने इंजिन आणि चेसिस या दोन्हींवर एकच नंबर ठोकला होता. विलीजने तसं केलं नाही. म्हणजे जीपीडब्ल्यूचे दोन नंबर जुळले तर ती मोठी गोष्ट आहे, आणि एमबीचे दोन नंबर हुबेहूब जुळले तर उलट शंका घ्या. उंचवट्यावर कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक सरळ रेघा दिसायला हव्यात. तिथे गोलाकार ग्राइंडिंग असेल, जागा आजूबाजूपेक्षा खोल गेली असेल, किंवा आकडे वेगवेगळ्या उंचीचे आणि तिरपे असतील, तर नंबर पुन्हा ठोकलेला आहे. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. युद्धानंतरच्या इंजिनांवर नंबराच्या शेवटी ए, बी किंवा एबी अशी अक्षरं दिसली तर घाबरू नका. ए म्हणजे बेरिंग कारखान्यातूनच ०.०१० इंच अंडरसाइज, बी म्हणजे पिस्टन ०.०१० इंच ओव्हरसाइज, एबी म्हणजे दोन्ही.

ब्लॉकवरचे ओतीव आकडे वेगळे वाचायचे. फोर्डच्या ब्लॉकवर ‘जीपीडब्ल्यू ६०१५’ असं वाचता येतं. ६०१५ हा फोर्डच्या पद्धतीत ब्लॉकचा आकडा. फोर्डची दुसरी खूण म्हणजे त्यांच्या सहीतल्या वळणाचा इंग्रजी ‘एफ’. तो बोल्टच्या डोक्यांवर, ब्रॅकेटवर, लहानसहान भागांवर सापडतो. असे बोल्ट मिळाले की डब्यात वेगळे ठेवा. नवे चकचकीत बोल्ट नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत वजनावर मिळतील, एफ ठोकलेले मिळणार नाहीत. मात्र विलीजच्या ब्लॉकवर फोर्डचे चार भाग दिसले म्हणून गाडी बनावट ठरत नाही. दोन्ही कंपन्यांचे भाग मुद्दाम एकमेकांत बसतील असेच होते आणि फौजेच्या दुरुस्तीत ते सर्रास मिसळले. अशी सरमिसळ हा त्या गाडीचा खराखुरा इतिहास आहे. ती ‘सुधारायला’ जाऊ नये.

युद्धकाळातल्या इंजिनात कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवायला टायमिंग चेन होती, नंतर गिअर आले. कव्हर न उघडता हे कळतं. डाव्या बाजूचा पेट्रोल पंप दोन बोल्ट काढून उतरवा, प्लग काढा आणि क्रँक हँडलने इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळू फिरवा. पंपाच्या भोकातून कॅमचा उंचवटा दिसतो. त्याची तुमच्याकडची बाजू खाली जात असेल तर चेन, वर येत असेल तर गिअर. कारण चेनवर कॅम क्रँकच्या दिशेने फिरतो आणि गिअरवर उलटा. हे नुसतं अस्सलपणासाठी बघायचं नाही. दोन्हींचे ऑइल पंप वेगळे आहेत, त्यांच्या तिरप्या दातांचा कल उलटा असतो. चेनच्या इंजिनात गिअरवाला पंप घातला तर दात जुळत नाहीत, आणि जबरदस्तीने ठोकला तर कॅमचेच दात जातात. भंगारातून पंप आणताना जुना पंप सोबत न्या आणि दातांचा कल शेजारी धरून बघा.

इंजिन उघडल्यावर मापं घ्या. मूळ बोअर ३.१२५ इंच, म्हणजे ७९.३८ मिलिमीटर, स्ट्रोक ४.३७५ इंच. क्रँकचं मेन जर्नल, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणारा भाग, साधारण ५९.२७ मिलिमीटर, कनेक्टिंग रॉडचं जर्नल ४९.२ मिलिमीटर. बोअर प्रत्येक सिलिंडरला वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना मोजा. जुन्या ब्लॉकमध्ये कारखान्याचे लायनर, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या नळ्या, नव्हते. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावर बोअरभोवती बारीक गोल रेघ दिसली तर मागाहून लायनर घातलेले आहेत. एका सिलिंडरला लायनर चालेल. चारही असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे जाणारी तडा शोधा. विदर्भातल्या मे महिन्यात बोअरवेलचं खारं पाणी घालून तापवलेल्या बिडाच्या ब्लॉकमध्ये ती ठरलेली जागा आहे. पाण्याच्या वाटा क्षाराने भरल्या की मागचे सिलिंडर आधी भाजतात.

क्रँकच्या काउंटरवेटचे ठोकळे वेगळे, बोल्टने जोडून वर वेल्डिंगचा टाका मारलेले दिसले की पुष्कळ जण ‘हा तुटून जोडलेला क्रँक’ म्हणून फेकून देतात. तसं करू नका! विलीजची मूळ बांधणीच तशी आहे.

बाहेरून लावलेले भाग शेवटी तपासा, कारण ते सगळ्यात सहज बदलतात. कार्ब्युरेटर कार्टरचा डब्ल्यूओ असावा. फ्लोट कव्हरच्या स्क्रूखाली पितळी पट्टी असते आणि एमबीसाठी तिच्यावर ‘५३९एस’ असतं. युद्धानंतरच्या मुलकी सीजे-२एवर ५९६एस किंवा ६३६एस येतो. पट्टी एकटीही विकली जाते, म्हणून फक्त तिच्यावर भरवसा नको. विलीजचा डायनमो, सेल्फ आणि डिस्ट्रिब्युटर ऑटोलाइटचे, सहा व्होल्टचे. बारा व्होल्टचं काम झालेलं असेल तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दात मोजा: मूळ रिंग ९७ दातांची. वेगळ्या दातांची रिंग आणि जुना सेल्फ एकत्र आले की दोन्ही खराब होतात.

गाडीत डिझेल बसवलेलं असून मालक ‘मूळ पेट्रोल इंजिन सोबत देतो’ म्हणत असेल, तर चेसिस आधी बघा. इंजिनाच्या बैठका कापल्या आहेत का, आडव्या पट्टीला नवं वेल्डिंग आहे का, रेडिएटर पुढे सरकवला आहे का? बैठका शाबूत असतील तरच त्या सुट्या इंजिनाला अर्थ आहे. आरसीवरचा इंजिन नंबर आणि इंधन यांचाही ताळा घ्या.

कागदाचा भाग हलका समजू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज नोंदणी मिळते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. नवी नोंदणी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला चालत नाही. अर्जाआधी नंबरांचे पेन्सिल छाप, ओतीव आकड्यांचे आडव्या उजेडातले फोटो आणि मापांचा तक्ता एका फाइलमध्ये लावा. बदललेला प्रत्येक जुना भाग, तुटका असला तरी, तेल लावून कापडात गुंडाळा आणि कुठून, कधी काढला याची चिठ्ठी बांधून ठेवा.