बागेत फुलपाखरांचे क्लोज-अप काढताना या चुका टाळा

कोल्हापुरात पाऊस ओसरला की सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत परसबाग फुलपाखरांनी भरून जाते. घाणेरी, झेंडू, झिनिया, एक्झोरा, सगळीकडे वर्दळ. याच दिवसांत सर्वांत जास्त फोटो निघतात आणि सर्वांत जास्त वायाही जातात. बिघडण्याची कारणं मात्र ठरलेली असतात.

मागे धावू नका

फुलपाखरू उडालं की आपण त्याच्यामागे जातो आणि ते आणखी लांब जातं. त्यापेक्षा त्याच झुडपापाशी थांबा. घाणेरीच्या एका झुडपावर मध चांगला असेल तर तेच फुलपाखरू, किंवा त्याच जातीचं दुसरं, थोड्या वेळात पुन्हा येतं.

जवळ जाताना कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असू द्या. बरीच फुलपाखरं आपल्या चालण्याने उडत नाहीत, अगदी जवळ गेल्यावर झटकन वर आलेल्या हातांनी उडतात. सरळ रेषेत, खाली वाकून, कोपरं अंगाला चिकटवून पुढे सरका. आपली सावली त्याच्यावर पडता कामा नये. सावली पडली की ते गेलंच म्हणून समजा.

दुपारची वेळ सोडा

उडण्यासाठी फुलपाखराचं अंग तापावं लागतं. म्हणून सकाळी साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान पॅन्सीसारखी फुलपाखरं पंख पसरून उन्हात बसतात, आणि बराच वेळ हलत नाहीत. प्रकाशही तेव्हा तिरपा आणि मऊ असतो. अकरानंतर तीच फुलपाखरं हाती लागत नाहीत आणि कडक उन्हामुळे फोटोत पंखांवर पांढरे चट्टे उठतात.

एक पंख स्पष्ट, बाकी सगळं धूसर

सर्वाधिक फोटो इथेच जातात, म्हणून जरा आकडे पाहू. एपीएस-सी सेन्सरच्या (साधारण २४ मिलिमीटर रुंद) कॅमेऱ्यावर अर्ध्या पटीचं मॅग्निफिकेशन असेल, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा फुलपाखराच्या निम्म्या आकाराची असेल, तर एफ-४ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र लहान) फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढं स्पष्ट येतं तेवढं अंतर, जेमतेम १ मिलिमीटर मिळते, एफ-८ ला सुमारे २ आणि एफ-११ ला अडीच. म्हणजे डोळ्यावर फोकस पक्का असला तरी कॅमेरा थोडा तिरका झाला की पंखाचं टोक गेलं. एफ-२२ लावून हे सुटत नाही, कारण डिफ्रॅक्शनमुळे (फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. एफ-८ ते एफ-११ पुरे.

खरा उपाय कोनात आहे. पंख मिटलेले असतील तर बाजूने, लेन्सचं तोंड पंखाला अगदी समोरासमोर ठेवून फोटो घ्या. पंख पसरलेले असतील तर वरून. एका गुडघ्यावर बसून उंची जुळवायला दहा सेकंद लागतात, तेवढी द्याच. फोकस नेहमी डोळ्यावर. ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसला तर मॅन्युअलवर जा, अंतर एकदा लावा, रिंगला हात न लावता अंग अगदी किंचित पुढे-मागे झुलवा आणि पाच-सहा फोटो सलग घ्या. त्यातला एखादा डोळ्यावर बसतो.

दुसरा मार्ग म्हणजे थोडं मागे सरकणं. पाव पटीला एफ-८ वर खोली ६ मिलिमीटरच्या वर जाते. कॉमन मॉरमॉनसारखं ९-१० सेंटिमीटर पंखविस्ताराचं फुलपाखरू तसंही अर्ध्या पटीला फ्रेममध्ये मावत नाही. त्याला ५५-२५० मिलिमीटरसारखी साधी झूम लेन्स भरपूर झाली. खरी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठी प्रतिमा देणारी लेन्स, लागते ती ग्रास ब्लूसारख्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांना. मॅक्रो परवडत नसेल तर झूमच्या तोंडावर +२ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) क्लोज-अप लेन्स लावा. २५० मिलिमीटरला, लेन्सचा फोकस अनंतावर ठेवून, अर्धी पट मिळते आणि फुलपाखरू लेन्सपासून ५० सेंटिमीटरवर राहतं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावली तर प्रतिमा मोठी मिळते, पण इतकं जवळ जावं लागतं की ते बसून राहत नाही. मोबाइलच्या मॅक्रो मोडचं हेच दुखणं: दोन-चार सेंटिमीटरवर जावं लागतं आणि फोनचीच सावली पडते. २एक्स किंवा ३एक्स लेन्सने लांबून काढा.

पंख फडफडत असताना कमी शटर

मॉरमॉन, टेल्ड जे ही मंडळी मध पितानाही पुढचे पंख थांबवत नाहीत. त्यांना १/१००० ते १/२००० सेकंदाचा शटर लागतो. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० झाला तरी चालेल, थोडा दाणा हललेल्या पंखापेक्षा बरा. स्थिर बसलेल्यांना १/२५० पुरतो. वाऱ्याने दांडी डोलत असेल तर शेजारी बांबूची काडी रोवा आणि कपड्यांच्या चिमट्याने दांडी तिला धरून ठेवा. हे फुलपाखरू यायच्या आधी करा.

एक्सपोजर

गर्द हिरव्या पानांवर कॉमन इमिग्रंटसारखं फिकट फुलपाखरू असलं की कॅमेरा फसतो आणि पंखावरच्या शिरा जळून जातात. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याची सेटिंग) -०.७ ते -१ करा. काळं मॉरमॉन फ्रेमभर असेल तेव्हाही -०.३ ते -०.७, नाहीतर काळा रंग राखाडी येतो.

फुलपाखरंच नसतील तर

लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली की लोक औषध फवारतात. तीच मॉरमॉनची किंवा लाइम बटरफ्लायची अळी. एक कढीपत्ता, एक लिंबू आणि कुंपणाला एखादी रुई फवारणीविना राहू द्या. रुईवर प्लेन टायगर येतो. फोटोसाठी फुलपाखराला फ्रिजमध्ये ठेवणं किंवा चिमटीत धरणं कधीच नको. पंखांवरचे खवले एकदा गळले की पुन्हा येत नाहीत.

सावलीत राहणाऱ्या इव्हिनिंग ब्राऊन, बॅरन यांना फुलांपेक्षा सडकी फळं आवडतात. दोन काळी पडलेली केळी कुस्करून त्यात सुपारीएवढा गूळ कालवा, एक दिवस झाकून ठेवा आणि आंब्याखाली ताटलीत ठेवा. ताटली पाण्याच्या परातीत ठेवायला विसरू नका, नाहीतर तासाभरात मुंग्यांचेच फोटो काढावे लागतील.