रिजेक्ट झालेल्या कंपनीत पुन्हा अर्ज करताना

आमच्या कॉलेजची पोरं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दादा, एकदा रिजेक्ट केलं म्हणजे कायमचं नाव कटलं का?" नाही कटत. मी आज चाकणच्या ज्या कंपनीत क्वालिटीला आहे, तिथूनच मला आधी नकार आला होता. पण नुसते दिवस भरले म्हणून कुणी घेत नाही. मागच्या वेळी ज्या प्रश्नाला आपण अडलो, त्याचं उत्तर या वेळी आपल्याकडे आहे का, हे ते बघतात.

नकाराच्या मेलमध्ये कारण नसतं. 'भविष्यात आपला विचार करू' एवढीच गोड ओळ असते. तेव्हा कारण आपणच शोधायचं, आणि ते शोधायला परतीच्या गाडीसारखी जागा नाही. सोलापूरचा माणूस सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला इंटरव्ह्यूला जातो आणि संध्याकाळी हुतात्मानेच परत येतो. दौंड गेल्यावर तसंही काही करायला नसतं. विचारलेला प्रत्येक प्रश्न, आपलं उत्तर आणि त्यावर समोरच्याने काय उलट विचारलं, ते वहीत उतरवून काढा. आठवड्याने "बरा गेला होता बे, काय झालं काय माहीत" एवढंच उरतं.

माझ्या वहीतला एक प्रश्न सांगतो. शाफ्टचा व्यास 20 मिमी, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे 0.05. सीपी (मर्यादेच्या मानाने पीस-पीसमधला फरक किती कमी, ते सांगणारा आकडा) 1.67 आहे, पण सीपीके (त्यात सरासरी मधोमध आहे का हेही धरणारा आकडा) 0.67. काय करशील? मी दोन्हींची सूत्रं सांगितली, सीपीके निदान 1.33 तरी हवा हेही सांगितलं. साहेबांनी "ठीक आहे" म्हणून कागद बाजूला सारला. त्यांना सूत्र नको होतं, मशीनपाशी उभा राहून काय करशील ते हवं होतं. सीपी चांगला म्हणजे मशीन चांगलं आहे, पीस-पीसमध्ये फरक कमी पडतोय. सीपीके घसरला म्हणजे सरासरी मधोमध नाही. हिशेब मांडला तर ती 0.03 मिमीने सरकलेली निघते. मोठ्या बाजूला सरकली असेल तर सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) टूलचा ऑफसेट, म्हणजे टूलची जागा ठरवणारा आकडा, व्यासात तेवढा कमी करायचा, पुढचे पाच-सहा पीस मायक्रोमीटरने मोजायचे आणि इन्सर्ट, म्हणजे टूलचा कापणारा तुकडा, झिजलाय का ते बघायचं. बस्स.

हे मला शिकवलं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपने. पगार सांगण्यासारखा नव्हता, आणि गड्ड्याच्या जत्रेत भेटलेले पाहुणे "इंजिनिअर होऊन इथंच का रे?" म्हणायचे. म्हणू देत. ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून ऑफसेट देताना बघणं कुठल्याच क्लासमध्ये मिळत नाही. मात्र हे टेक्निकल राउंडला अडलेल्यांसाठी. ॲप्टिट्यूडला अडलात तर घड्याळ लावून पेपर सोडवा. एचआरच्या राउंडला अडलात तर शिफ्ट, पगार, पुण्यात राहायची तयारी, यातल्या कशावर तुम्ही अडखळलात ते आठवा.

आता वेळेचं. बऱ्याच कंपन्या पुन्हा अर्ज करायला मधे ठरावीक काळ जाऊ देतात, त्याला कूलिंग पीरियड म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो सहा महिन्यांचा, कुठे तीन, कुठे वर्षाचा असतो. कंपनीच्या करिअरच्या पानावर नसेल तर एचआरला दोन ओळींचा मेल टाकून सरळ विचारा, त्यात कमीपणा नाही. काही पोरं नवीन मेल आयडी काढून लगेच अर्ज करतात. तसं करू नका. मोबाइल नंबर, जन्मतारीख, कॉलेज, सगळं जुळतं आणि पकडले जाता. शिवाय तुमचा जुना रेझ्युमे त्यांच्याकडे असतो. नव्यात नोकरीच्या तारखा बदलल्या तर पहिला संशय तिथेच येतो.

"आधी येऊन गेलात ना?" हे विचारतातच. त्यावर रडगाणं नको आणि पॅनेलच्या तक्रारी तर अजिबात नकोत. मी म्हणालो, "हो सर. तेव्हा सीपीकेच्या प्रश्नाला फक्त सूत्र सांगितलं होतं. आता रोज वर्कशॉपमध्ये तेच काम करतो." त्यांनी पुढचा अर्धा तास वर्कशॉपमधलंच विचारलं, आणि मला तेच हवं होतं.

कन्सल्टन्सीचं एक कुणी सांगत नाही. पहिल्यांदा तुम्ही कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर काही महिने तुमचं नाव त्यांच्या खात्यावर राहतं. त्या काळात थेट अर्ज केलात किंवा मित्राने रेफर केलं, तर तो अर्ज अडकतो. मुदत कधी संपते ते आधी एचआरला विचारून घ्या. आणि पुन्हा इंटरव्ह्यू लावून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर फोन ठेवून द्या.

मुदत संपली की कंपनीतला आपल्या गावचा सिनिअर गाठा. रेफर केलेला माणूस लागला तर अनेक कंपन्या रेफर करणाऱ्या सिनिअरला बोनस देतात, त्यामुळे फार संकोच करू नका. फक्त नुसता रेझ्युमे पाठवू नका, सोबत जागेचा जॉब आयडी द्या. तो नसला की सिनिअर "बघतो" म्हणतो आणि विसरून जातो.