हिवाळ्यात पहाडात जाताय? मग आधी उतार मोजायला शिका

डिसेंबर लागला की इंदूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर तेच सुरू होतं, केदारकांठा करू, ब्रह्मताल करू, गुलमर्गला स्की शिकू, आणि मग चर्चा कशावर तर जॅकेट कुठून घ्यायचं, बूट भाड्यानं मिळतात का, मालवा एक्स्प्रेसचं रिझर्वेशन कन्फर्म झालं का. ॲव्हलांचचं, म्हणजे डोंगरउतारावरून सुटून येणाऱ्या बर्फाच्या लोंढ्याचं, नाव काढलं की "अरे ते एव्हरेस्टवाल्यांचं" म्हणून विषय बंद. तसं नाहीये. एप्रिल २०२३ मध्ये सिक्कीमला नाथू लाच्या रस्त्यावर ॲव्हलांचमध्ये ७ पर्यटकांचा जीव गेला, गिर्यारोहक नाही, बर्फ बघायला आलेली साधी माणसं. आणि ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर २९ जणांचा जीव गेला ते तर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे ट्रेनी आणि इन्स्ट्रक्टर होते.

तर पहिली गोष्ट उतार, आणि खरं सांगू का, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. सर्वात धोक्याचे उतार म्हणजे ३० ते ४५ अंशांचे. त्याहून सपाट असेल तर बर्फ सहसा सुटत नाही, फारच उभा असेल तर तिथे जास्त साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. गंमत अशी की ३०-३५ अंशांचा उतार डोळ्याला मुळीच भयंकर वाटत नाही, उलट घसरगुंडी करायला मस्त वाटतो. खात्री करायची असेल तर घरच्या जिन्यावर एक काठी पायऱ्यांच्या कडांवर टेकवून ठेवा आणि तिच्यावर मोबाईल ठेवून कोन मोजा, बऱ्याच फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतंच, नसेल तर फुकट मिळतं. साधारण तिशीच्या आसपास येईल. जुन्या वाड्यातला जिना असेल तर बराच जास्त. तिकडे गेल्यावरही हेच करायचं, ट्रेकिंगची काठी बर्फावर उताराच्या दिशेनं आडवी टाकायची, वर फोन.

फोनची बॅटरी थंडीत मान टाकते, म्हणून दोन सारख्या लांबीच्या काठ्यांची युक्तीही शिकून घ्या. एक काठी बर्फाला टेकवून सरळ उभी धरा. दुसरीचं एक टोक तिच्या बरोबर मध्यावर लावा आणि चढाच्या बाजूला आडवी, एकदम लेव्हलमध्ये धरा. आडवीचं दुसरं टोक जेमतेम बर्फाला टेकलं तर उतार साधारण २७ अंश. टोक हवेतच राहिलं तर त्याहून कमी. आणि काठी टोकाच्या आधीच बर्फात घुसत असेल तर २७ च्या वर, म्हणजे सावध व्हायची वेळ.

पण तुम्ही सपाटीवर आहात म्हणून सुटलात असं नाही हं. वरचा उतार कसा आहे ते बघा. वरून सुटलेला बर्फ खाली लांबपर्यंत येतो, आणि नाल्यात किंवा घळीत तर तो एका जागी जमा होतो, थोडाच आला तरी माणूस खोल गाडला जातो. म्हणून नाल्याच्या तोंडाशी तंबू नाही, चहा नाही, फोटो तर नाहीच. मधेच झाडं नसलेला सरळ पट्टा दिसला, किंवा एकाच बाजूच्या फांद्या तुटलेली झाडं दिसली, तर समजा की इथून आधीही बर्फ गेलाय.

आता बर्फाच्या आतलं. बर्फ एकसारखा नसतो, एकावर एक थर असतात. थंडी खूप आणि बर्फाचा थर पातळ असला की तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात, एकमेकांना धरतच नाहीत. त्यावर नवीन बर्फ पडला, वाऱ्यानं दाबून त्याची घट्ट पाटी झाली, की साखरेवर फरशी ठेवल्यासारखा प्रकार होतो, एका माणसाच्या वजनानंही अख्खी पाटी सुटू शकते. ॲव्हलांचमध्ये सापडलेल्या बहुतेक स्कीअर-ट्रेकरांच्या बाबतीत ती त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कोणीतरी सुरू केलेली असते. बर्फ इशारे देतो बरं का, पायाखाली "हुंफ्" असा बसल्याचा आवाज, पावलापासून सर्रकन पळणारी भेग, समोरच्या डोंगरावर ताजी घसरण. यातलं एकही दिसलं तर उभ्या उतारावर जायचंच नाही, तिथे चर्चाच नको.

सगळ्यात फसवा दिवस म्हणजे मोठ्या बर्फवृष्टीनंतरचा पहिला स्वच्छ दिवस. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात हिमालयात बर्फ आणणारी हवा, येऊन गेला, रात्रीत फूटभर बर्फ पडला, सकाळी निळं आभाळ, आणि सगळे पळत सुटतात रील काढायला. पहिले २४ तास तरी थांबा, वारा सुटलेला असेल किंवा थंडी कडक असेल तर त्याहून जास्त. मार्च-एप्रिलमध्ये उलट, तेव्हा ऊन शत्रू, दुपारी बर्फ ओला होऊन सुटतो, म्हणून पहाटे निघून ऊन चढायच्या आत धोक्याचा भाग पार करून मोकळं व्हायचं.

बुलेटिन बघायची सवय लावा. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी ॲव्हलांचचे इशारे देते, आधी हेच काम मनालीची सासे ही संस्था करायची. इशाऱ्यात जिल्हा, किती मीटरच्या वर आणि किती तासांसाठी ते लिहिलेलं असतं. नुसतं "आज बर्फ पडणार का" एवढंच बघून काही कळत नाही. गाईडदादांनाही विचारा: रात्री किती पडला, वारा कुठल्या बाजूनं होता, वाटेत तिशीच्या वरचा उतार कुठे लागतो आणि दुसरी वाट आहे का. "कुछ नहीं होता साब" एवढंच उत्तर आलं तर दुसरा गाईड बघा, ॲडव्हान्स गेला तर गेला. गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यानं अफरवटला जाऊन स्कीवर खाली उतरताना स्की पेट्रोलची गस्तवाली माणसं सांभाळतात त्या हद्दीतच राहा, दोरीपलीकडे तुमचं तुम्ही.

उभा उतार ओलांडावाच लागला तर एकेकानं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची.

सामान तीनच, पण प्रत्येकाकडे: बीकन (गाडलेल्याचा शोध लागावा म्हणून सिग्नल देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब घडीची काठी), धातूचं फावडं. एकाकडे असून उपयोग नाही. गाडलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत काढला तर वाचायची शक्यता चांगली, अर्ध्या तासानंतर ती फार घसरते, कारण बहुतेक जण गुदमरून जातात. बाहेरची मदत एवढ्यात पोचतच नाही, म्हणजे शोधणार तुम्हीच. कोणी बर्फाखाली गाडलं गेलं तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की धरा, वरून अजून काही येतंय का बघा, मग सगळ्यांचे बीकन सर्चवर, म्हणजे शोधायच्या मोडवर. जास्त जण असाल तर एकानं ११२ लावावा, पण शोधणाऱ्याचा मोबाईल बीकनपासून दूर, सिग्नल गडबडतो. बीकनवरचा अंतराचा आकडा सर्वात कमी येईल तिथे प्रोब उताराला काटकोनात घाला, २५-२५ सेंटीमीटर सोडत गोल फिरत. माणूस लागला की प्रोब काढायचा नाही, खालच्या बाजूनं आडवं खणत जायचं, आधी तोंड आणि छाती मोकळी. स्वतः अडकलात तर ओरडा, काठ्या सोडा, हातपाय मारत कडेला यायचं बघा आणि बर्फ थांबायच्या आत हात तोंडासमोर आणा, श्वासापुरती पोकळी राहते.

प्रॅक्टिस इथेच इंदूरला करता येते. रीजनल पार्कात रविवारी सकाळी एकानं चालू बीकन पिशवीत घालून पाल्याच्या ढिगात लपवायचा, बाकीच्यांनी घड्याळ लावून शोधायचा. पहिल्यांदा भरपूर वेळ लागतो, मग भांडणं होतात, मग जमतं. बीकनमध्ये सेल नवे अल्कलाइन घाला, रिचार्जेबल नकोत. आणि परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढा, कारण "उद्या गाडी आहे, आजच टॉप करू" यातूनच नको त्या दिवशी नको त्या उतारावर माणसं जातात. रजा मागताना बॉसला हे सांगायची गरज नाही, घरी मात्र रूट आणि गाईडचा नंबर लिहून ठेवून जा.