मागाच्या शेडमध्ये सौर लाइट सेन्सर बसवताना

सोलापुरात मी वायरिंगची कामं घेतो, त्यातली बरीचशी यंत्रमाग कारखान्यांत. वर पत्रा, मध्ये उजेडासाठी घातलेले दोन-चार फायबरचे पत्रे, आणि भर दुपारीही खाली सगळ्या ट्यूब चालू. बाहेरचा उजेड पुरेसा असेल तेव्हा दिवे आपोआप बंद व्हावेत म्हणून मी बिनतारी लाइट सेन्सर बसवतो. तळहाताएवढी डबी असते. समोर छोटी सौरपट्टी, शेजारी उजेड मोजणारा डोळा, आत छोटासा रेडिओ. शेडमधल्या उजेडावरच ती चार्ज होते, मोजलेला आकडा रिसीव्हरला कळवते आणि रिसीव्हर दिवे चालू-बंद करतो. सेन्सरला एकही वायर जोडावी लागत नाही. त्यामुळे भिंतीवर लावायला काहीच वेळ लागत नाही, वेळ द्यायचा तो जागा ठरवायला.

घेताना आधी रेडिओचा पट्टा, म्हणजे तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते विचारा. २.४ गिगाहर्ट्झ किंवा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ असेल तर आपल्याकडे विनापरवाना चालतो. अमेरिकेसाठी बनवलेला ९०२ ते ९२८ चा माल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण त्यातला काही भाग आपल्याकडे मोबाईल कंपन्यांकडे आहे. मग डब्यावरची तापमानाची मर्यादा वाचा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० च्या वर असतं आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. मोजण्याची मर्यादा निदान १००० लक्स असावी (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). पूर्ण अंधारात किती दिवस चालतो, हेही विचारून घ्या. दिवाळीला कारखाना बंद राहतो तेव्हा ते कामी येतं.

खोक्यातून काढल्यावर सेन्सर दिवसभर खिडकीशी ठेवा, पण उन्हात नको, सावलीच्या उजेडात. ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स मिळतात, खिडकीशी त्याच्या कितीतरी पट, म्हणून पहिलं चार्जिंग तिथेच करावं. मग टेबलावर रिसीव्हरच्या शेजारी ठेवून जोडणी करा. बहुतेकांत आधी रिसीव्हर शिकण्याच्या स्थितीत न्यायचा आणि मग सेन्सरवरचं बटण दाबायचं असतं. भिंतीवर लावल्यानंतर शिडीवर उभं राहून हे करायला जाऊ नका.

आता जागा. सेन्सर भिंतीवर असतो आणि उजेड हवा असतो मागावरच्या कापडावर. चादरीच्या मागावर डोक्यावर जकार्ड, म्हणजे नक्षी काढणारं यंत्र असतं, त्याच्या दोऱ्यांची आणि सांगाड्याची सावली थेट विणकामावर पडते. गर्द मरून किंवा काळ्या ताण्यातला, म्हणजे उभ्या धाग्यांतला, तुटलेला धागा त्या सावलीत शोधायचा असेल तर भिंतीवरचा उजेड किती हे कामगाराला काय करायचंय? म्हणून लक्समीटर एकदा कापडावर ठेवा आणि लगेच सेन्सरच्या जागी धरा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, तिन्ही वेळा ट्यूब बंद ठेवून. कापडावर ३०० आणि भिंतीवर ६०० भरले तर तुमचं प्रमाण निम्मं. कापडावर ३०० हवे असतील तर सेन्सरला ६०० सांगायचे. सगळ्यात अंधाऱ्या मागाचं प्रमाण धरा, मधल्या मागाचं नव्हे. लक्समीटर नसेल तर मोबाईलमधलं ॲप चालेल. आकडा अचूक येणार नाही, पण प्रमाण काढण्यापुरतं भागतं. फोनचा डोळा स्क्रीनच्या बाजूला असतो, म्हणून स्क्रीन वर ठेवायची.

फायबरच्या पत्र्यातून उन्हाचा कवडसा पडतो आणि दिवसभर सरकत जातो. तो सेन्सरवरून गेला की आकडा एकदम उसळतो आणि माग अंधारात असताना दिवे बंद होतात. कवडशाची वाट बघून जागा ठरवा. दुसरं, सेन्सरवर ट्यूबचा उजेड थेट पडू देऊ नका. दिवे लागले की त्याला भरपूर उजेड दिसतो, तो ते बंद करतो, बंद झाले की अंधार दिसतो आणि पुन्हा लावतो. हा लपंडाव थांबवायला दोन आकड्यांत अंतर ठेवा, समजा ६०० च्या खाली चालू आणि ८०० च्या वर बंद, शिवाय बंद करण्याआधी दहा मिनिटांची थांबण्याची वेळ. ढग येऊन गेला तरी दिवे सारखे चालू-बंद होत नाहीत.

पत्र्याला किंवा छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैचीला सेन्सर चिकटवू नका. तिथे ताप जास्त, शिवाय लोखंडाजवळ रेडिओ दबतो. रिसीव्हरही लोखंडी पॅनेलच्या आत बंद करू नका. जुन्या दगडी भिंतीपलीकडे तो असेल तर आधी सिग्नल तपासा. ड्रिल मारण्याआधी दुहेरी टेपने लावून आठवडाभर बघा.

रिसीव्हरची जोडणी मात्र २३० व्होल्टची आहे. एमसीबी पाडून, टेस्टरने तपासून, जाणत्या वायरमननेच करावी. एलईडी ट्यूब चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतात, त्यात रिसीव्हरमधल्या छोट्या रिलेचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटतात. ट्यूब जास्त असतील तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त भार झेलणारा मोठा रिले घाला. आणि एक गोष्ट मी मालकांशी वाद घालूनही सोडत नाही: जाण्यायेण्याच्या वाटेवरचे दिवे सेन्सरवर टाकायचे नाहीत, आणि कामगाराच्या हाताशी साधा स्विच ठेवायचा. त्याने दाबला की दिवे लागलेच पाहिजेत, सेन्सर काहीही म्हणो. चालत्या मागात हात घालणाऱ्या माणसाच्या उजेडात काटकसर नको. लाइट जाऊन परत आली की दिवे चालू स्थितीतच यावेत, हे सेटिंगही बघून घ्या.

एकदा बसवल्यावर मुख्य काम सुताच्या लवीचं. सौरपट्टीवर तिचा थर बसला की चार्जिंग घटतं आणि डोळ्यावर बसला की उजेड कमी दिसून दिवे उगाच चालू राहतात. माग साफ करायच्या दिवशी सेन्सरवरूनही कोरडं मऊ फडकं फिरवा. ओलं नको, आणि हवेचा झोत जवळून मारू नका. आत चार्ज होणारा बटणसेल असेल आणि तो बदलायची वेळ आली, तर तसाच, चार्ज होणाराच घाला. घड्याळाच्या दुकानातला साधा सीआर २०३२ मापात बसतो, पण तो चार्ज होण्यासाठी नसतो. फुगतो, गळतो, फुटूही शकतो.