कुरळे केस आणि बोअरिंगचं पाणी

इंदूरला उन्हाळ्यात केसांचा झाडू झाला की सगळे उन्हावर खापर फोडतात. माझ्या बाबतीत दोषी निघालं बोअरिंगचं पाणी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी भिस्त बोअरवर. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसांवर थर धरतात. मग कंडिशनर कितीही चोपडा, केस राठच. बादलीला पांढरे डाग पडत असतील तर तेच डोक्यावरही बसतंय समजा.

आता नर्मदा येते त्याच दिवशी डोकं धुते. महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार पकडणारं रसायन) असलेला क्लॅरिफायिंग शाम्पू. तो क्षार काढतो, पण केस कोरडेही करतो, म्हणून नंतर कंडिशनर सढळ हातानं. गुंता तेव्हाच सोडवायचा, मोठ्या दातांच्या फणीनं, टोकांकडून वर. कोरड्या केसांत फणी घातली की वळणं मोडून नुसता फुगारा उरतो.

वळणं धरून ठेवायला जेल घरचंच. सियागंज बाजारातून आणलेली पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायची, तार धरू लागली की गरम असतानाच गाळायची. गार झाल्यावर गाळणं म्हणजे शिक्षा! फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. निथळत्या केसांना लावून मुठीत दाबायचं, जुन्या सुती टी-शर्टनं टिपायचं. वाळल्यावर केस कडक लागतात. तळहातावर थेंबभर खोबरेल घेऊन चुरगाळले की मऊ. (आत्याच्या मते तेल थापून वेणी घातली की विषय संपला.)

पावसाळ्यात ग्लिसरीनवाली क्रीम मी टाळते. दमट हवेत तिनं केस जास्तच फुलतात.