सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांचा अभ्यास कसा करावा

एखाद्या दिग्दर्शिकेवर लेख लिहायचा असो किंवा चित्रपट मंडळात तिच्या कामाची ओळख करून द्यायची असो, बहुतेकांचा हात प्रथम पुरस्कारांच्या यादीकडे जातो. सुमित्रा भावे यांच्या बाबतीत ही यादी भरगच्च आहे. तरीही ती सुरुवातीला बाजूला ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्या चित्रपटांकडे कशा वळल्या हे समजल्याशिवाय त्यांचे चित्रपट नीट उलगडत नाहीत.

टिपणवहीचे पहिले पान १९८५ पूर्वीच्या वर्षांसाठी राखून ठेवावे. भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात झाला. समाजशास्त्र आणि समाजकार्य हे त्यांचे क्षेत्र होते, आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अध्यापन केले. चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. वस्तीतील स्त्रियांच्या आयुष्याचा अभ्यास करताना, ज्यांच्याकडून ही माहिती मिळाली त्यांच्यापर्यंत ती परत पोहोचवायची कशी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला; लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला अहवालाचा काय उपयोग? त्या प्रश्नातून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट आला आणि त्याला कुटुंबकल्याणविषयक राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वयाच्या बेचाळिशीत हाती आलेले हे माध्यम त्यांच्यासाठी आधीच्याच कामाचा पुढचा टप्पा होता, हे लक्षात ठेवून पुढे जावे.

यानंतर श्रेयाचा प्रश्न सोडवावा. 'बाई'च्या वेळी साहाय्यक म्हणून आलेले सुनील सुकथनकर यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले आणि पुढे ते भावे यांचे सहदिग्दर्शक झाले. 'दोघी'पासूनच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांबद्दल लिहिताना 'भावे यांनी असे दाखवले' असे सरसकट लिहू नये. दिग्दर्शनाविषयी बोलताना दोघांची नावे घ्यावीत आणि पटकथा, संवाद व गीते कोणाची, हे प्रत्येक चित्रपटाच्या श्रेयनामावलीत स्वतः पाहून नोंदवावे. बाईच्या कर्तृत्वाचा गौरव करण्यासाठी सहकाऱ्याचे नाव गाळण्याची काहीच गरज नसते. भावे यांचे लेखन स्वतंत्रपणे पाहण्याजोगे आहे आणि 'अस्तु'च्या संवादांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे.

वर्षांची नोंद करताना निर्मिती, पुरस्कार आणि प्रदर्शन यांसाठी तीन वेगळे रकाने आखावेत. 'अस्तु' २०१३ चा, पण चित्रपटगृहांत तो २०१६ मध्ये लागला. 'कासव' २०१६ च्या चित्रपटांत सर्वोत्कृष्ट ठरून त्याला सुवर्णकमळ मिळाले. मात्र ती घोषणा एप्रिल २०१७ मधली. हे रकाने नसले की एकाच चित्रपटाची दोन-तीन वर्षे लेखात फिरत राहतात. त्यांकडे पाहताना आणखीही एक गोष्ट दिसते, ती म्हणजे पूर्ण झालेल्या चांगल्या मराठी चित्रपटाला पडद्यापर्यंत पोहोचायला किती काळ लागू शकतो. ही खंत लेखात यायलाच हवी. पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. अशा नोंदी पडताळण्यासाठी तेथील ग्रंथालयात एक दिवस जरूर घालवावा.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळावे. 'बाई' मिळाला नाही तर 'दोघी'पासून सुरुवात करून शक्यतो क्रमाने पुढे जावे. 'दोघी'त घराच्या गरिबीपायी थोरल्या बहिणीला मुंबईला पाठवले जाते आणि तिथे तिच्या वाट्याला वेश्याव्यवसाय येतो. इथे बाई केंद्रस्थानी आहे. पण पुढचे चित्रपट पाहताना 'स्त्री दिग्दर्शक म्हणजे स्त्रियांच्या कथा' हे समीकरण टिकत नाही. 'देवराई'त स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला शेष आहे, 'अस्तु'त स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित आहेत, 'कासव'मध्ये नैराश्याने खचलेला तरुण आहे. तिन्ही ठिकाणी मध्यभागी पुरुष आहेत. म्हणून प्रत्येक चित्रपटासाठी आजारी माणसाबरोबरच त्याला सांभाळणाऱ्या माणसाविषयीही स्वतंत्र टिपण करावे. 'देवराई'तली बहीण, 'अस्तु'तली लेक, हत्तीच्या मागे भरकटत आलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला मायेने जवळ करणारी माहुताची बायको चन्नम्मा, स्वतः नैराश्यातून गेलेली 'कासव'मधली जानकी, ही माणसे एका ओळीत मांडली की भावे यांच्या कामाचा खरा धागा हाती येतो. सांभाळणाऱ्याला येणारा थकवा, क्वचित येणारी चीड आणि त्यातून पुन्हा उमलणारी माया त्यांनी ज्या आस्थेने पाहिली, ती मला समाजकार्यातल्या त्यांच्या वर्षांची देणगी वाटते. 'अस्तु'त पंडितांची भूमिका करणारे आणि 'कासव'चे निर्माते असलेले मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, हीही नोंद याच पानावर असावी.

विषय कळला म्हणजे चित्रपट कळला असे होत नाही. त्यासाठी एखादे दृश्य निवडून पुन्हा पुन्हा पाहावे लागते. मी 'दिठी'तला शेवटाकडचा भाग सुचवेन. हा चित्रपट भावे यांच्या निधनानंतर (१९ एप्रिल २०२१), मे २०२१ मध्ये ओटीटीवर आला. वर्षानुवर्षे वारी करणाऱ्या रामजी लोहाराचा तरुण मुलगा पुरात वाहून गेला आहे, पाऊस थांबत नाही, आणि अशात शेजारची गाय अडल्याने त्याला बोलावणे येते. हा भाग एकदा आवाज बंद करून पाहावा आणि आयुष्यभर लोखंड ठोकलेले हात गायीच्या अंगावर कसे टेकतात, केवढ्या हलकेपणाने फिरतात, एवढेच टिपावे. दुसऱ्यांदा डोळे मिटून पावसाचा, गायीच्या श्वासाचा आणि माणसांच्या दबक्या बोलण्याचा आवाज ऐकावा. तिसऱ्यांदा नेहमीसारखे पाहावे आणि रामजीचा चेहरा नेमका केव्हा बदलतो ते वहीत लिहावे. लेखाची सुरुवात त्या नोंदीपासून करावी. जन्मतारीख आणि पुरस्कार मागाहून येऊ द्यावेत.