रानउंदरांवरच्या गोचिडी ओळखताना या चुका टाळा

गोचीड म्हटलं की गुराच्या कानातली टपोरी मादी डोळ्यांपुढे येते. रानउंदरावर मात्र बहुतेक वेळा हाती लागतात लार्व्हा (अंड्यातून निघालेली पिल्लं) आणि निम्फ (त्यापुढची, प्रौढ होण्याआधीची अवस्था). सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप हा विषाणूचा आजार पसरवणाऱ्या हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीचंच बघा: प्रौढ गोचीड गुरांवर, पिल्लावळ उंदीर-चिचुंद्र्यांवर. त्यामुळे आधी पाय मोजा. सहा असतील तर लार्व्हा. आठ आहेत पण जननछिद्र नाही, तर निम्फ. एवढंही न बघता थेट जातीचं नाव लिहिणाऱ्यांना माझा नमस्कार.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे रंग आणि आकारावरून ओळखणं. एका उत्साही मुलाने मला कुपी पाठवली, सोबत निरोप, ‘सर, नवी जात मिळालीय!’ आत राखाडी, मुगाएवढी, रक्त पिऊन टम्म फुगलेली एकच निम्फ. बोटांनी ओढून काढलेली, त्यामुळे तोंडाचा भाग उंदराच्या कानातच राहिलेला. डोळे नाहीत, गुदद्वाराची खाच मागून वळलेली, म्हणजे इक्सोडिस वंशाची नाही, हिमाफायसॅलिस वंशाची असावी. पुढचं सांगणार कशावरून? हायपोस्टोमवरचे (कातडीत रुतणाऱ्या सोंडेवरचे) दात गेले, बाहेर आलेल्या पाल्पचे (सोंडेशेजारच्या स्पर्शकांचे) कोपरे गेले. लेबलवर शाईने लिहिलेलं अल्कोहोलमध्ये विरघळून निळं पाणी झालेलं. उंदीर कुठला, तेही कळेना. नवी जात राहिली बाजूला, जुनी ठरवायचीही सोय उरली नाही.

पोट फुगतं, स्क्युटम (पाठीवरची कडक ढाल) फुगत नाही. म्हणून मी आधी स्क्युटमचा आकार बघतो, मग कॉक्सावरचे (पायाच्या बुडाच्या पेरावरचे) काटे. काढताना टोकदार चिमटा अगदी कातडीलगत धरून सरळ, हळू ओढतो. घाई असेल त्याने फुलपाखरं मोजावीत. फुगलेली निम्फ जिवंत मिळाली, तर योग्य सोय असलेल्या प्रयोगशाळेत दमट नळीत ठेवा. कात टाकून प्रौढ झाली की निम्मं काम सोपं होतं. हा धीर कुणालाच नसतो.

लेबल पेन्सिलीनेच, कुपीच्या आत. एका उंदराला एक पिशवी, एक कुपी. ‘उंदीर’ एवढंच लिहू नका. उंदराची मोजमापं आणि फोटो घ्या.

उंदरावरचे माइट्स (गोचिडीचे बारीक भाऊबंद) म्हणजे गोचिडीचे लार्व्हा नव्हेत. गोचिडीच्या हायपोस्टोमवर मागे वळलेले दात असतात, तेवढे बघा.

‘डीएनए करून घेऊ’ म्हणणाऱ्यांनी नमुना फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नये. 95 टक्क्यांच्या पुढचं अल्कोहोल वापरावं. तरीही आडाखा बांधायचा तो आधी सूक्ष्मदर्शकाखालीच, कारण डीएनए ज्याच्याशी ताडून बघतात त्या संगणकातल्या नोंदीवरचं नावही कुणीतरी चुकीचं दिलेलं असू शकतं.

वर्णन लिहायचं असेल तर शक्यतो नर, मादी, निम्फ, लार्व्हा सगळे जमवा, नमुने संग्रहालयात ठेवा. आणि माकडतापाच्या पट्ट्यात गोचीड नखाने चिरडू नका. हेही सांगावं लागतं!